अनुदान वेगळं, व्याज सवलत वेगळी: शहराच्या कडेला शेडनेट किंवा हायड्रोपोनिक्स उभारण्याआधी

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी या शहरांच्या कडेला शेडनेट, पॉलिहाऊस किंवा हायड्रोपोनिक्सचं (म्हणजे मातीशिवाय, खतं विरघळवलेल्या पाण्यावर पीक घेण्याचं) युनिट टाकून ताजा भाजीपाला शहरात विकायचा, असा विचार करणारी बरीच तरुण मंडळी भेटतात. उभारणी करणाऱ्या कंपनीचं कोटेशन त्यांच्या हातात असतं आणि त्यावर ‘सरकारी सबसिडी उपलब्ध’ असं छापलेलं असतं. कोणती सबसिडी, ते मात्र छापलेलं नसतं. बऱ्याचदा तिथे दोन निराळ्या योजना एकत्र कालवलेल्या असतात. एक एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचं अनुदान, दुसरी कृषी पायाभूत सुविधा निधीची व्याज सवलत. दोन्ही केंद्राच्या, दोन्हींत पॉलिहाऊस बसतं. पण पैसा कुणाकडून, कधी आणि किती येतो, यात इतका फरक आहे की एकीच्या भरवशावर दुसरीचा हिशोब मांडला तर घर अडचणीत येतं.

आधी अनुदान. संरक्षित शेतीच्या बहुतेक घटकांना 50 टक्के मिळतं, त्यात केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पूर्वी तिथे सोडत निघायची, 2025 पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी प्राधान्य असं धोरण आलं. निवड झाली की कागदपत्रं चढवायची, मग कृषी विभागाची पूर्वसंमती मिळते. त्यानंतरच काम सुरू करायचं. उभारणी पूर्ण झाली की सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि वरचे अधिकारी येऊन मोका तपासणी करतात, मापं घेतात, बिलं बघतात, आणि मग रक्कम आधार जोडलेल्या खात्यात पडते.

म्हणजे अनुदान शेवटी येतं. पाइप, जाळी, ठिबक, मजुरी हा सगळा खर्च आधी तुमच्या खिशातून होतो. सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. अनुदान मिळालं की काम सुरू करू असं म्हणणारा पूर्वसंमती हातात असूनही मुदत घालवून बसतो, आणि पुढे मिळेलच म्हणून आधी उभारणारा कायमचा अपात्र ठरतो. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. कंपनीचा माणूस ‘तारखेचं आम्ही बघून घेतो’ म्हणाला तर त्याच्याशी व्यवहारच करू नका. मोका तपासणीत अडकणारी फाइल तुमच्या नावाची असते.

दुसरी गल्लत 50 टक्के कशाचे, याची. ते कोटेशनचे नसतात. सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाचे असतात. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत लोखंडी पाइपच्या शेडनेटसाठी चौरस मीटरला 710 रुपये मापदंड होता. त्या हिशोबाने 1000 चौरस मीटरला, म्हणजे साधारण 10 गुंठ्यांना, 7 लाख 10 हजार धरायचे आणि अनुदान 3 लाख 55 हजार. कोटेशन 9 लाखांचं असलं तरी अनुदान तेवढंच, साडेचार लाख नाही. वरचा फरक तुमचा. 2025 मध्ये मापदंड सुधारून वाढवले गेले, तरी रीत तीच राहिली. म्हणून कोटेशन घेण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून चालू वर्षाचा मापदंड लिहून आणा आणि कंपनीशी भाव त्यावरून करा.

याच 2025 च्या सूचनांत हायड्रोपोनिक्स, अॅक्वापोनिक्स (मासे आणि भाजीपाला एकत्र), उभी शेती (थरांवर थर रचून) यांनाही जागा मिळाली आहे. ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण सूचनांत घटक असणं आणि तुमच्या जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात त्याला लक्ष्यांक, म्हणजे त्या वर्षी किती काम मंजूर करायचं तो आकडा, असणं, या दोन निराळ्या बाबी आहेत. ‘यंदा आपल्या जिल्ह्याला या घटकाचा लक्ष्यांक किती?’ असा सरळ प्रश्न कार्यालयात विचारा. उत्तर शून्य आलं तर कोटेशनवरच्या सबसिडीला काही अर्थ उरत नाही.

आता व्याज सवलत. कृषी पायाभूत सुविधा निधी 2020 मध्ये सुरू झाला, 1 लाख कोटी रुपयांचा. आकडा मोठा आहे, पण हा पैसा सरकार वाटत नाही. तो बँकांनी द्यायच्या कर्जाचा आकडा आहे. सरकार देतं ती त्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला 3 टक्के सवलत, 2 कोटींपर्यंतच्या कर्जाला, जास्तीत जास्त 7 वर्षं. जोडीला कर्जाची पतहमी, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला मिळणारी हमी, असते आणि तिचं शुल्क सरकार भरतं. बँकेने 9 टक्क्यांनी कर्ज दिलं तर तुम्हाला ते 6 टक्क्यांना पडतं. मुद्दल पूर्ण फेडायचं असतं.

रुपयांत बघू. समजा 20 लाखांचं कर्ज घेतलं आणि 7 वर्षांत सारख्या हप्त्यांनी मुद्दल फेडलं. पहिल्या वर्षी सवलत 60 हजारांच्या आसपास बसते, मुद्दल कमी होत जातं तशी तीही उतरते, आणि सातही वर्षांची बेरीज साधारण 2 लाख 40 हजार होते. तोच 20 लाखांचा खर्च पूर्णपणे मापदंडात बसला असता तर अनुदान 10 लाख झालं असतं. कोटेशनवर ‘सबसिडी’ हा एकच शब्द असताना त्यामागे 10 लाख आहेत की 2 लाख 40 हजार, हे विचारल्याशिवाय सही करू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

मग व्याज सवलत कमी दर्जाची आहे का? अजिबात नाही. शहरातल्या माणसासाठी कधी कधी तोच एक रस्ता उघडा असतो, आणि कारण जमिनीच्या कागदात आहे. महाडीबीटीवर शेतकरी म्हणून उभं राहायला सातबारा लागतो, आणि 15 एप्रिल 2025 पासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या पडेगाव, हर्सूल, चिकलठाणा इथल्या कित्येकांची जमीन महापालिका हद्दीत असली तरी सातबाऱ्यावर शेती म्हणून आहे. त्यांनी हद्दीची काळजी करू नये, अर्ज करावा. पण प्लॉट एनए (बिगरशेती) झालेला असेल, गुंठेवारीतला असेल, किंवा नगर भूमापन होऊन सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक आलं असेल, तर अनुदानाचं दार बंद समजा. घराच्या गच्चीचंही तेच. गच्चीवरच्या हायड्रोपोनिक्सला शेतकऱ्याच्या नावाचं अनुदान मिळवून देतो असं कुणी सांगत असेल, तर सातबारा कुणाचा लावणार ते आधी विचारा.

कृषी पायाभूत सुविधा निधीत शेतकरी, गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांबरोबर कृषी उद्योजक आणि स्टार्टअपही पात्र आहेत. हायड्रोपोनिक्स, एरोपोनिक्स (मुळं हवेत ठेवून त्यांवर फवारा), उभी शेती, मशरूम, पॉलिहाऊस ही कामं आधी फक्त गटांसाठी, सामुदायिक मालमत्ता म्हणून खुली होती. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने व्याप्ती वाढवली आणि ती वैयक्तिक लाभार्थ्यालाही खुली झाली. अर्ज निधीच्या पोर्टलवर प्रकल्प अहवालासह करायचा असतो, पण निर्णय बँकेचा. बँक तुमचा सिबिल बघते, माल कोण घेणार ते विचारते, आणि मे महिन्यात पीक कसं वाचवणार हेही विचारायला हवं.

हा शेवटचा प्रश्न बँकेने नाही विचारला तरी तुम्ही स्वतःला विचाराच. हायड्रोपोनिक्समध्ये पाणी फिरवून वापरलं जातं म्हणून ते मराठवाड्याला योग्य, असं सांगितलं जातं. पाण्याची बचत होते हे खरंच आहे, आणि 2016 साली रेल्वेने आलेलं पाणी प्यालेल्या लातूरकरांना ते पटकन भिडतं. पण आपल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्याला आरओ लागतो, आणि आरओतून वाया जाणारं पाणी कोटेशनमध्ये दाखवत नाहीत. उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या वर जातो, मुळांना दिलेलं खतपाण्याचं द्रावण तापतं, मुळं कुजतात. वीज काही तास गेली की पंप थांबतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं की ज्याच्याकडे सातबारा आहे आणि हा पहिलाच प्रयोग आहे, त्याने अनुदानावर 10 गुंठ्यांचं शेडनेट करावं. कर्ज काढून हायड्रोपोनिक्स त्याने करावं, ज्याच्याकडे हॉटेलांची किंवा दुकानांची ठरलेली मागणी आधीच आहे.

गावाकडे जमीन असणाऱ्यांनी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकराही बघावा. मराठवाड्यातले आठही जिल्हे त्यात आहेत, पण लाभ निवडलेल्या गावांनाच. शहरातल्या वॉर्डाला तो लागू नाही.

अनुदान आणि व्याज सवलत या दोन्ही योजना एकत्र घेता येतात का, हे फार कमी लोक विचारतात. येतात. कृषी पायाभूत सुविधा निधीच्या नियमांत इतर केंद्र किंवा राज्य योजनांचा लाभ जोडायला मनाई नाही. मिळणारं भांडवली अनुदान तुमचा स्वहिस्सा म्हणून धरलं जातं, फक्त प्रकल्प खर्चाच्या किमान 10 टक्के रक्कम स्वतःची घालावीच लागते. अनुदान शेवटी येतं ही मूळ अडचण इथे सुटते: उभारणीचा पैसा कर्जातून, व्याजावर 3 टक्के सूट, आणि मोका तपासणीनंतर खात्यात पडलेलं अनुदान थेट कर्जात भरायचं. क्रम मात्र चुकू देऊ नका. आधी महाडीबीटीचा अर्ज आणि पूर्वसंमती, मग ते पत्र जोडून बँकेकडे प्रस्ताव, मंजुरी आल्यावर कंपनीला आगाऊ रक्कम. आगाऊ देतानाही ती खात्यातूनच द्या आणि बिलावर जागेचा गट नंबर, क्षेत्रफळ आणि पाइपची जाडी लिहून घ्या, कारण मोका तपासणीत याच तीन गोष्टी जुळवून बघतात.