‘ही बाई कोण?’ : लेखिकांवरच्या टीकेतला जुना प्रश्न

1933 साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, पण लग्न न झालेल्या मुलींची घुसमट, त्यांच्या पगारावर विसंबलेली घरे आणि चारचौघांत जिचा उच्चारही करायचा नाही अशी शरीराची ओढ, हे सारे त्या कथांत आडपडदा न ठेवता आले होते. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली आणि तिने विवाहाबाहेरच्या सहजीवनालाच हात घातला. गदारोळ व्हायचा तो झाला. पण त्यात पुस्तकांइतकीच लेखिकेचीही चर्चा झाली. ही बाई कोण? मुळात बाई तरी आहे का, की बाईच्या नावाआड लपलेला कुणी पुरुष? विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे सर्वांना कळायला बराच काळ जावा लागला. मुलींच्या शिक्षणसंस्थेत काम करणाऱ्या बाईने असे लिहिणे म्हणजे काय, हे त्या जाणून होत्या. टोपणनाव ही त्यांची हौस नव्हती, गरज होती.

स्पष्ट बोलणाऱ्या कादंबरीकार स्त्रीवर वर्तमानपत्रे तुटून पडली की आज ‘हा स्त्रीद्वेष आहे’ असा आरोप होतो, आणि लगेच ‘ही तर साधी समीक्षा’ असे उत्तर येते. हा वाद आजचा वाटला तरी त्याची मुळे जुनी आहेत, आणि ती शोधायला ‘ही बाई कोण?’ या प्रश्नाइतका चांगला धागा मला दुसरा दिसत नाही.

1847 साली इंग्लंडमध्ये ‘जेन एअर’ आली ती करर बेल या नावाने. हे नाव पुरुषाचे की स्त्रीचे ते कळू नये, अशीच योजना होती. डिसेंबर 1848च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकाने या कादंबरीवर निनावी परीक्षण छापले. त्यात लेखक पुरुषच असणार याचे पुरावे म्हणून काय दिले होते? शिकारीच्या पक्ष्याचे मांस कसे बांधतात आणि रात्री अचानक उठवल्यावर स्त्री अंगावर काय घेते, हे कुठल्याही बाईने असे लिहिले नसते! आणि त्यापुढे ते गाजलेले वाक्य: हे पुस्तक स्त्रीने लिहिले असेलच, तर ती अशी स्त्री असली पाहिजे जिने काही पुरेशा कारणाने आपल्याच स्त्रीजातीची सोबत केव्हाच गमावली आहे. म्हणजे पुस्तक पुरुषाचे असेल तर त्यात चुका आहेत, बाईचे असेल तर बाईच चुकलेली. हे लिहिणारी एलिझाबेथ रिग्बी स्वतः स्त्री होती, हे मुद्दाम सांगायला हवे. समीक्षेतला स्त्रीद्वेष ही फक्त पुरुषांच्या लेखणीची मक्तेदारी कधीच नव्हती.

करर बेल म्हणजे शार्लट ब्राँटे. समीक्षक जॉर्ज हेन्री लुईस यांना त्यांनी लिहिले होते की तुम्ही मला स्त्री समजला नसता तर बरे झाले असते. सगळे परीक्षक करर बेलला पुरुष मानतील तर ते अधिक न्यायाने वागतील. लुईस मित्र होते, हितचिंतक होते. तरीही जानेवारी 1850मध्ये शार्लट यांच्या ‘शर्ली’ या कादंबरीवर लिहिताना त्यांनी सुरुवात केली ती स्त्रीच्या बुद्धीची मापे काढण्यापासून, आणि मातृत्व हेच स्त्रीचे मोठे कार्य, असेही सुनावले. शार्लट यांचे उत्तर त्रोटक होते: शत्रूंपासून मी स्वतःला सांभाळीन, पण देवा, मित्रांपासून मला वाचव. आजही एखाद्या लेखिकेविषयीचा कौतुकाने ओथंबलेला लेख तिच्या ‘घर सांभाळून लिहिण्या’पाशी येऊन थांबतो, तेव्हा मला हे पत्र आठवते.

पुढे याच लुईस यांच्यासोबत लग्नाविना राहणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स यांनी ‘जॉर्ज एलियट’ हे नाव घेतले. 1859मध्ये त्यांची ‘ॲडम बीड’ ही कादंबरी गाजली आणि कुणी लिगिन्स नावाचा गृहस्थच तिचा खरा लेखक आहे, अशी आवई उठली. शेवटी नाव उघड करावे लागले आणि मग कादंबरीच्या जोडीला त्यांच्या सहजीवनाची कुजबूजही सुरू झाली.

मेरी एलमन या समीक्षिकेने 1968 साली या साऱ्याचे वर्म एका वाक्यात पकडले: स्त्रियांनी लिहिलेल्या पुस्तकांना ती पुस्तके स्वतःच स्त्रिया असल्यासारखे वागवले जाते. आपल्या भाषेत तर याची साक्ष विशेषणांतच मिळते. पुरुष परखड लिहितो, बाई फटकळ. तो बेधडक, ती ‘बोल्ड’. त्याच्या संतापाला तळमळ म्हणतात, तिच्या संतापाला आक्रस्ताळेपणा. त्याचा अनुभव समाजाचा आरसा होतो, तिचा अनुभव हमखास ‘आत्मचरित्रात्मक’ ठरतो, म्हणजे पुन्हा प्रश्न तिच्या आयुष्याचाच. कविता महाजन यांनी आपल्या कादंबरीचे नावच ‘ब्र’ ठेवले होते. बाईने ब्रदेखील काढायचा नाही, हे मराठीत वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटी टीकेची जागा सरकली. कादंबरीतल्या शरीरापेक्षा कादंबरीकार बाईने सार्वजनिक प्रश्नांवर तोंड उघडणे जास्त खुपू लागले. ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ला 1997मध्ये बुकर मिळाला तेव्हा अरुंधती रॉय यांचे कोडकौतुक झाले, अणुचाचण्या आणि नर्मदेवरच्या धरणांविषयी त्या लिहू लागल्या तेव्हा त्यांना उन्मादी ठरवून ‘कादंबरीकडे परत जा’ असे सल्ले मिळाले. 2002मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एक दिवसाची प्रतीकात्मक कैद आणि 2000 रुपये दंड दिला. त्या निकालात त्या स्त्री असल्याचे लक्षात घेऊन कायद्याचे औदार्य दाखवल्याचे म्हटले होते. त्यांचे म्हणणे बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण दया दाखवतानाही त्यांचे बाईपण मध्ये आणण्याचे कारण काय होते?

ब्रिटिश कादंबरीकार हिलरी मँटेल यांचे प्रकरण याहून बोलके आहे. फेब्रुवारी 2013मध्ये त्यांनी राजघराण्यातल्या स्त्रियांवर व्याख्यान दिले. प्रसारमाध्यमे या स्त्रियांना कपडे चढवायची बाहुली बनवतात, त्यांच्याकडे फक्त शरीर म्हणून पाहतात, हा त्याचा गाभा होता. त्यातली दोन-चार वाक्ये उचलून टॅब्लॉइडांनी ‘केट मिडलटनवर विखारी हल्ला’ असा गजर केला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून तेव्हा भारत दौऱ्यावर होते. त्यांनी इथूनच मँटेल यांना चूक ठरवले. दोनदा बुकर मिळवलेल्या या लेखिकेच्या दिसण्यावर, वजनावर, मूल नसण्यावर शेरे आले. मूल न होण्यामागच्या दीर्घ आजाराविषयी त्यांनी स्वतः आधीच लिहून ठेवले होते. बाईकडे शरीर म्हणून पाहू नका, असे सांगणाऱ्या बाईला मिळालेले उत्तर तिच्या शरीरावर होते.

मात्र लेखिकेवरची प्रत्येक टीका स्त्रीद्वेषातून येते, असे मी म्हणणार नाही. यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण 2019मध्ये मागे घेतले गेले, ते मला संतापजनक वाटले. पण त्यामागे मला राजकीय धास्ती आणि भाषेचे निमित्त दिसते, स्त्रीद्वेष नव्हे. आणि जॉर्ज एलियट यांनीच 1856मध्ये तेव्हाच्या लेखिकांच्या पोकळ कादंबऱ्यांवर झोडपणारा निबंध लिहिला होता. तो कठोर आहे, पण त्यात प्रसंग, संवाद, वाक्ये तपासली आहेत. समीक्षा आणि स्त्रीद्वेष यांतला भेद कळतो तो इथेच.

संस्थांच्या पातळीवर हालचाल उशिरा झाली. 1991च्या बुकरच्या अंतिम यादीत सहाही नावे पुरुषांची होती. त्यावरच्या अस्वस्थतेतून 1996मध्ये स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठी ऑरेंज पुरस्कार सुरू झाला. तरी 2011मध्ये नोबेल मिळवलेले कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल म्हणू शकले की एकही लेखिका आपल्या तोडीची नाही.

आणि मग 2016. एलेना फेरान्ते या नावाने लिहिणाऱ्या इटालियन लेखिकेने पहिली कादंबरी येण्याआधीच प्रकाशकाला कळवले होते की एकदा लिहून झालेल्या पुस्तकाला लेखकाची गरज नसते. पंचवीस वर्षे तिने ते पाळले. ऑक्टोबर 2016मध्ये एका इटालियन पत्रकाराने पैशांचे व्यवहार आणि घरखरेदीच्या नोंदी धुंडाळून ‘ती बाई कोण’ हे जाहीर केले. आर्थिक गैरव्यवहारांच्या शोधात वापरतात ती साधने एका कादंबरीकार स्त्रीमागे लावली गेली. तिने त्या दाव्याला दुजोरा दिला नाही. 2019मध्ये तिची पुढची कादंबरी आली. मुखपृष्ठावर नाव तेच होते, एलेना फेरान्ते.