पोट सैल हवं, पण कुठपर्यंत?

मिरजेत ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नातेवाईक मला, म्हणजे भूलतज्ज्ञाला, हमखास विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीचंच आहे ना, मग पूर्ण भूल कशाला?" भोकं लहान, तर भूलही लहान, असा त्यांचा सरळ हिशोब. प्रत्यक्षात उलटं आहे. पोटात साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरून पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलतात. स्नायू ताठरले की दाब तेवढाच, पण आतली जागा कमी. श्वासपटल नुसतं हललं तरी स्क्रीनवरचं पित्ताशय नाचतं आणि सर्जन मान न वळवता म्हणतात, "पोट टाइट आहे हो!"

ही तक्रार दुर्बिणीच्या कितीतरी आधीची. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हा पोट सैल करायचं वेगळं औषध जगात कुणाकडेच नव्हतं. ईथर किंवा क्लोरोफॉर्म आणखी चढवायचं, एवढाच उपाय. मग रुग्ण उशिरा शुद्धीवर येणार आणि ओकत राहणार.

औषध आलं ते दक्षिण अमेरिकेतल्या बाणांच्या विषातून, क्युरारेमधून. 1814 मध्ये इंग्रज निसर्ग-अभ्यासक वॉटरटन यांनी एका गाढविणीला ते टोचलं आणि श्वास थांबल्यावर भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरत राहिले. ती वाचली, आणखी पंचवीस वर्षं जगली. विष स्नायू बंद पाडतं. श्वास बाहेरून चालू ठेवला तर जीव जात नाही. आमचा अख्खा धंदा या गाढविणीवर उभा आहे, असं मी गमतीने म्हणतो. 23 जानेवारी 1942 रोजी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये डॉ. ग्रिफिथ आणि डॉ. जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं. आता हलकी भूल देऊनही पोट सैल मिळू लागलं.

पण ते औषध उतरवायचं कसं? उघड्या ऑपरेशनमध्ये हा प्रश्न फारसा बोचत नसे. पोटाचा एकेक थर शिवेपर्यंत बराच वेळ जाई, तोवर औषधाचा जोर ओसरे. 1985 मध्ये सर्जन म्यूहे यांनी जर्मनीत दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, 1990 मध्ये सर्जन उडवाडियांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत पोट सैल हवं आणि त्यानंतर दोन-चार टाक्यांत काम संपतं. शिथिलता उतरवणारं जुनं औषध निओस्टिग्मिन अशा गाढ शिथिलतेपुढे हात टेकतं, कारण ते रिलॅक्संटला, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाला, हटवत नाही, फक्त त्याच्याशी झुंजणारं, स्नायूला हलायचा निरोप देणारं ॲसिटिलकोलिन वाढवतं. रोक्युरोनियम या आजच्या रिलॅक्संटच्या रेणूलाच कवेत घेणारं शुगामाडेक्स 2008 मध्ये युरोपात मंजूर झालं, तेव्हा कुठे ही गाठ सुटली. निओस्टिग्मिनपेक्षा ते आजही महाग पडतं. आणि मुळात इतकी गाढ शिथिलता दर केसला हवी का, यावर भूलतज्ज्ञांत एकमत नाही. साध्या पित्ताशयाला नको, असं माझं मत. सर्जन मित्रांचं अर्थातच वेगळं.

या वादात मी अंगठ्याचं ऐकतो. मनगटाजवळच्या नसेला ओळीने चार झटके द्यायचे आणि अंगठा किती वेळा वळतो ते बघायचं. पण अंगठा फसवतोही: श्वासपटल जास्त चिवट, त्यामुळे अंगठा निपचित असताना ते हलू शकतं. उलट चारही झटके डोळ्यांना सारखे दिसले, तरी ताकद अपुरी असू शकते. मशीनवर चौथा झटका पहिल्याच्या निदान 90 टक्के भरला, की मगच मी श्वासाची नळी काढतो. तोवर सर्जन हातमोजे काढून चहाला गेलेले असतात.