१९ फेब्रुवारी : अमेरिकेतले एकाच तारखेचे दोन निर्णय

अमेरिकेतला जपानी वंशाचा समाज १९ फेब्रुवारीला स्मरणदिन पाळतो. १९४२ साली त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि पुढे जपानी वंशाचे सुमारे १ लाख २० हजार लोक छावण्यांत डांबले गेले. त्याआधी १९ वर्षे, १९२३ मध्ये, याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाची मात्र फारशी आठवण निघत नाही. खरे तर १९४२ ची पाळेमुळे त्यातही आहेत.

१७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींनाच नागरिकत्व खुले ठेवले होते. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाची भर पडली. आशियाई माणूस कशात बसतो, हा घोळ कायम राहिला. नोव्हेंबर १९२२ मध्ये एका जपानी अर्जदाराला न्यायालयाने सांगितले, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला, युरोपीयांबरोबर काही आशियाईंनाही सामावणारा गट). तुम्ही तसे नाही. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, पंजाबातून आलेल्या एका शीख अर्जदाराचा निकाल लागला. तो पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होता. वंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच, असे त्याचे म्हणणे, म्हणजे न्यायालयाचीच व्याख्या त्याने पुढे केली होती. त्याने उच्च जातीचाही दाखला दिला. तो आज वाचताना टोचतो, पण गोरेपणा सिद्ध करण्याखेरीज कायद्यानेच त्याला वाट ठेवली नव्हती. न्यायालयाने एकमताने शास्त्र बाजूला सारले. गोरा कोण, हे सामान्य माणसाच्या समजुतीवर ठरेल, असे ते म्हणाले. दोन्ही निकालपत्रे एकाच न्यायमूर्तींच्या हातची. तीन महिन्यांत कसोटी फिरली आणि दोन्ही वेळा दार बंदच राहिले. याला न्याय म्हणवत नाही.

परिणाम लगेच दिसले. अनेक हिंदुस्थानींना आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेता येत नसे. तो फास आता त्यांच्याही गळ्यात पडला. नागरिकत्व गमावलेल्या एका व्यापाऱ्याने १९२८ मध्ये आत्महत्या केली.

जपानी वंशाची पहिली पिढी याच अपात्रतेमुळे दशकानुदशके राहूनही परकीच राहिली, आणि युद्ध पेटताच ‘शत्रुराष्ट्राची’ ठरली. ९०६६ च्या आदेशात जपानी हा शब्दसुद्धा नव्हता. लष्कराला हवा तो प्रदेश रिकामा करण्याची मुभा तेवढी होती. पश्चिम किनाऱ्यावर लागलेल्या नोटिशींत ‘परके आणि बिगर-परके’ असे छापले होते. डांबलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकी नागरिक होते, पण नागरिक म्हणायचे टाळले गेले. हातात मावेल तेवढेच सामान न्यायचे. लॉस एंजेलिसजवळच्या रेसकोर्सवर कित्येक कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यांत राहावे लागले.

१९४४ मध्ये न्यायालयाने ही हकालपट्टी वैध ठरवली. १९४६ मध्ये हिंदुस्थानींना नागरिकत्व खुले झाले, तरी नव्याने येणाऱ्यांचा कोटा वर्षाला अवघा १०० चा. नागरिकत्वातली वंशाची अट १९५२ मध्ये उठली. ९०६६ चा आदेश १९ फेब्रुवारी १९७६ रोजी रीतसर संपवण्यात आला, तारीख मुद्दाम साधून. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला माफी आणि २० हजार डॉलर मिळाले. १९४४ चा निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. १९२३ च्या निकालाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. कायदे बदलले आणि तो निरुपयोगी होऊन पडून राहिला.