शाकारलेली होडी आणि तीन वाजताची जाग

१ जून उजाडला की मालवणच्या बंदरातली इंजिनं गप्प होतात. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. जाळी पडवीत येतात, होड्या झापांनी शाकारल्या जातात. अशाच एका बंदीत माझ्या मामांनी ठरवलं की ऑगस्टात आता दर्यात उतरायचं नाही. पंचवीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून काढली, कंबर गेली, डिझेलचा हिशेब जुळेना. दोन खोल्या रंगवल्या आणि पाहुण्यांसाठी न्याहारी-निवास सुरू केला. धंदा बदलला, पण पहाटे तीनला जाग यायची ती येतच राहिली. "पाय आपलेच दाराकडे जातत रे," ते सांगायचे.

याला मनाचा कच्चेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. सवयीचं बरंचसं काम मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात चालतं. अमेरिकेत एमआयटीमधल्या अॅन ग्रेबील यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना टी आकाराच्या बोळात सोडत. आवाज ऐकून योग्य बाजूला वळलं की चॉकलेट. उंदीर नवखा असताना या भागातल्या चेतापेशी वाटभर चेतत. वाट अंगवळणी पडली की त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला चेतू लागल्या. मधल्या सगळ्या हालचालींचं जणू एकच गाठोडं झालं. भरतीत होडी वळवताना मामा गप्पा मारत असत, ते याच जोरावर.

त्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खाऊ बंद केला तेव्हा चेतापेशींचा तो नमुना विरत गेला. खाऊ परत सुरू करताच तो झटकन पूर्ववत झाला. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे जुनी सवय मोडीत निघत नाही, शाकारलेल्या होडीसारखी झापांखाली पडून असते.

मग नवी सवय लागायला किती दिवस? व्हॉट्सअॅपवर २१ हा आकडा फिरत असतो. त्याचं मूळ एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे: रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं. 'निदान' हा शब्द पुढे वाटेतच गळाला! लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक वेळेला जोडून एक साधी गोष्ट करायला सांगितली, उदाहरणार्थ न्याहारीनंतर चालणं. कृती आपोआप होऊ लागायला मध्यम कालावधी आला ६६ दिवसांचा, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं, हेही दिसलं. आमची बंदी ६१ दिवसांची. हा निव्वळ योगायोग, पण मला गंमत वाटते.

बंदीचा खरा उपयोग वेगळाच. ती खुणा पुसते. इंजिनाचा आवाज नाही, धक्क्यावरचा चहा नाही, हाक मारणारे खलाशी नाहीत. सवयीला जागं करणारं काही उरलं नाही की माणसाला थांबून विचार करावा लागतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा संप झाला आणि लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. संप मिटल्यावरही सुमारे ५ टक्के प्रवासी नव्या वाटेनेच जात राहिले. आपली जुनी वाट सोयीची नव्हती, हे त्यांना एरवी कळलंच नसतं.

मामांनी मात्र पहाटे जाग येण्याशी भांडणं सोडून दिलं. अलार्म, गोळ्या, रात्री उशिरा झोपणं हे सगळं करून झालं होतं. शेवटी मामींनी रात्री तांदूळ भिजत घातले आणि सांगितलं, जाग आली की दाराकडे जायच्या आधी हे वाटा. घावण्यांचं पीठ. 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच ठरवून ठेवण्याला मानसशास्त्रात मोठं नाव आहे. पीटर गॉलविट्झर यांनी त्यावर खूप काम केलंय. मामींना ते नाव ठाऊक नाही. खूण जुनीच ठेवायची, तिच्यामागची कृती बदलायची, एवढंच त्यांनी केलं.

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर मी तिथेच होतो. पहाटे बंदरात पहिलं इंजिन धडधडलं आणि वाटणाचा आवाज थांबला. मी पडवीत आलो तर मामा हाताला पीठ तसंच, दर्याकडे तोंड करून उभे. दुसरं इंजिन लागलं. "ह्येचो पंखो घासता," ते म्हणाले आणि आत गेले.