पूर्ण भविष्यकाळाचा सराव, इंग्रजी

पूर्ण भविष्यकाळाचा सराव, इंग्रजी : भविष्यातील एखाद्या ठरावीक वेळेच्या आत, किंवा दुसरी एखादी भावी घटना घडण्यापूर्वी, जी क्रिया उरकलेली असेल ती सांगण्यासाठी इंग्रजीत ‘विल’ किंवा ‘शॅल’, त्यापुढे ‘हॅव’ आणि शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप अशी रचना करतात. ‘आय शॅल हॅव रिटन द लेटर बाय फाइव्ह’ हे तिचे नेहमीचे उदाहरण होय. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला ही रचना पाठ करण्यास वेळ लागत नाही, कारण कर्ता बदलला तरी ‘हॅव’ बदलत नाही. सरावाची खरी गरज भासते ती अर्थाच्या बाजूने. प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली या भागांतील मराठी भाषकांना हा काळ शिकताना मराठीच्या कोणत्या सवयी उपयोगी पडतात आणि कोणत्या आड येतात, याचा विचार केला आहे. नकारार्थी व प्रश्नार्थी रूपे इतर सहायक क्रियापदांप्रमाणेच होत असल्याने त्यांचा विस्तार केलेला नाही.

या काळाचे नाव इंग्रजी व्याकरणात नेहमीच एक नव्हते. लिंडली मरे यांच्या 1795 मधील व्याकरणात, ज्याचा प्रभाव पुढे एकोणिसाव्या शतकातील शालेय इंग्रजीवर दीर्घकाळ राहिला, साध्या भविष्यकाळाला ‘पहिला भविष्य’ आणि प्रस्तुत काळाला ‘दुसरा भविष्य’ म्हटले आहे. प्रत्येक काळाचे साधा, चालू, पूर्ण व चालू-पूर्ण असे चार भाग पाडून होणारा बारा खान्यांचा तक्ता आज वर्गाच्या भिंतीवर दिसतो; तो त्यामानाने नंतरचा आहे. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांतील भेदाचा नियम मात्र त्याहून जुना असून जॉन वॉलिस यांच्या 1653 मधील लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडलेला आढळतो. प्रथम पुरुषी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ हा पाठ जुन्या पिढीतील शिक्षक कटाक्षाने करून घेत; आजच्या व्यवहारात सर्व पुरुषी ‘विल’ चालते आणि परीक्षेतही तेच सुरक्षित ठरते. मुळात ‘शॅल’चा अर्थ ‘देणे लागणे’ आणि ‘विल’चा अर्थ ‘इच्छिणे’ असा होता. त्यामुळे इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ आहे की भविष्याचा अर्थ तेथे वृत्तिदर्शक, म्हणजे इच्छा, शक्यता, तर्क यांसारखा बोलणाऱ्याचा भाव दाखवणाऱ्या, सहायक क्रियापदांकडून वाहिला जातो, हा वाद अभ्यासकांत आहे. येथे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, आणि पुढील विवेचनात त्याचे कारण स्पष्ट होते.

काळांच्या तर्कशुद्ध मांडणीत तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी 1947 मध्ये तीन बिंदू कल्पिले : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि संदर्भाचा क्षण. पूर्ण भविष्यकाळात संदर्भाचा क्षण बोलण्याच्या क्षणानंतर असतो आणि घटना संदर्भाच्या आधी घडते. पण घटना बोलण्याच्या क्षणाच्या आधी घडली, नंतर घडली की त्याच वेळी घडली, हे क्रियारूप सांगत नाही. ‘बाय द टाइम द पालखी रीचेस फलटण, ही विल हॅव जॉइन्ड द वारी’ या वाक्यातील ‘तो’ लोणंदहून उद्या निघणार असेल, किंवा आळंदीपासूनच चालत असेल. दोन्ही परिस्थितींत वाक्य खरे ठरते. फळ्यावर काढल्या जाणाऱ्या काळरेषेत मात्र ‘आत्ता’ आणि ‘तेव्हा’ या दोन खुणांच्या मध्येच क्रियेची फुली मारण्याची प्रथा आहे. आरंभीच्या सरावासाठी ती सोयीची असली, तरी विद्यार्थ्याच्या मनात ‘क्रिया भविष्यातच घडली पाहिजे’ असा नसलेला नियम ती रुजवते.

मराठी शालेय व्याकरणातही पूर्ण भविष्यकाळ आहे. ‘मी लिहीन’ हा साधा, ‘मी लिहीत असेन’ हा अपूर्ण, ‘मी लिहिले असेन’ हा पूर्ण आणि ‘मी लिहीत जाईन’ हा रीति भविष्यकाळ, अशी चौकडी प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलेली असते. मराठी व्याकरणाची आधुनिक परंपरा दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 1836 मधील व्याकरणापासून धरली जाते आणि तिच्या काळव्यवस्थेच्या आराखड्यावर इंग्रजी व्याकरणाची छाया आहे, असे सामान्यतः मानतात. त्यामुळे दोन्ही भाषांतील खाने जुळतात; खान्यातील वाक्ये मात्र तितकी जुळत नाहीत. ‘तो पोहोचला असेल’ हे वाक्य एकटे ऐकले की मराठी माणसाला भविष्य आठवत नाही. कराडला निघालेल्या वडिलांविषयी आई संध्याकाळी घड्याळाकडे पाहून ‘एव्हाना पोहोचले असतील’ म्हणते, किंवा बोलीत ‘पोचलं असतील’ म्हणते, तेव्हा ती होऊन गेलेल्या गोष्टीविषयी अंदाज करीत असते. म्हणजे मराठीत ‘-ला असेल’ या रूपाचा रोजचा उपयोग तर्काचा आहे, आणि भविष्याचा अर्थ यायला ‘उद्या’, ‘तोपर्यंत’ यांसारख्या कालवाचक शब्दांचा आधार लागतो.

तसा आधार देऊनही ‘उद्या सकाळी तो पोहोचला असेल’ हे वाक्य कानाला किंचित अडखळते, तर ‘उद्या सकाळी तो पोहोचलेला असेल’ हे सहज वाटते. ‘-लेला’ हे धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून बनलेले, विशेषण आहे. ‘लिहिलेले पत्र’, ‘वाळवलेली हळद’ यांत ते वस्तूची स्थिती सांगते. ‘पाचपर्यंत पत्र लिहिलेले असेल’ याचा अर्थ पाच वाजता पत्र लिहिलेल्या स्थितीत असेल, आणि इंग्रजी रचनेच्या मुळाशी नेमकी हीच कल्पना आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे’ अशा धर्तीवर ‘हॅव’ हे स्वामित्वाचे क्रियापद आणि कर्माला विशेषण म्हणून लागलेले धातुसाधित अशी जोडणी होती. तिच्यातूनच आजची पूर्ण काळांची रूपे घडली. मराठीतील ‘-ल’ प्रत्ययाचा उगम प्राकृतातील ‘-इल्ल’, ‘-अल्ल’ या विस्तारक प्रत्ययांत बहुतेक अभ्यासक पाहतात. त्याच्या आधीचा भाग संस्कृतातील ‘क्त’ प्रत्ययान्त कर्मणि धातुसाधितापासून आला. ‘मया पत्रं लिखितम्’ या वाक्यात कर्ता तृतीयेत आणि धातुसाधित कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे असते. ‘मी पत्र लिहिले’ हे त्याचेच वंशज. एका भाषेने स्वामित्वाची वाट धरली, दुसरीने कर्मणीची, पण दोघींच्या हातात धातुसाधित एकाच प्रकारचे होते. म्हणून सरावाच्या आरंभी भाषांतरासाठी ‘-ला असेल’ऐवजी ‘-लेला असेल’ वापरावे, असे येथे सुचवावेसे वाटते.

याच कर्मणी वारशातून ‘मी आंबा खाल्ला असेन’ की ‘मी आंबा खाल्ला असेल’ हा जुना वाद निघतो. शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत दोन्ही रूपे छापलेली आढळतात आणि बहुपर्यायी प्रश्नात त्यांवरून तक्रारीही होतात. नियमाप्रमाणे पाहिले तर सकर्मक क्रियापद भूतकालवाचक धातुसाधितात कर्माप्रमाणे चालते; ‘खाल्ला’ हे रूप आंब्यावरून आले, तेव्हा सहायक क्रियापदही तृतीय पुरुषी ‘असेल’ असावे, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूने, ‘तू ही बातमी वाचलीच असशील’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. तेथे ‘वाचली’ कर्माप्रमाणे आणि ‘असशील’ कर्त्याप्रमाणे आहे. परंपरागत व्याकरण ‘तू मला पुस्तक दिलेस’ यासारख्या वाक्यांसाठी कर्तृ-कर्म संकर मानते, त्याच जातीची ही मिसळ होय. द्वितीय पुरुषी हा संकर चालत असेल, तर प्रथम पुरुषी ‘असेन’ला चूक ठरविणे कठीण आहे. मात्र ‘-लेला’ रूपाबरोबर हा संकर मानवत नाही : ‘मी पत्र लिहिलेले असेन’ असे सहसा कोणी म्हणत नाही, ‘मी पत्र लिहिलेले असेल’ असेच म्हणतात. अकर्मक क्रियापदात हा प्रश्नच येत नाही. ‘मी तोवर निघालेला असेन’, ‘आम्ही पोहोचलेलो असू’ ही रूपे निर्विवाद आहेत. इंग्रजी वाक्याचे मराठी करताना विद्यार्थी ‘असेन’ आणि ‘असेल’ यांत घुटमळला, तर त्याला इंग्रजी येत नाही असा निष्कर्ष काढू नये; तो घोळ मराठीतला आहे.

तर्काचा अर्थ मराठीपुरता मर्यादित नाही, ही गोष्ट सरावपुस्तकांतून बहुधा सुटते. इंग्रजीतही ‘फादर विल हॅव रीच्ड कराड बाय नाऊ’ हे वाक्य शुद्ध आहे आणि त्यात भविष्य मुळीच नाही. ‘एव्हाना पोहोचले असतील’ याचे ते जवळजवळ शब्दशः रूप आहे. त्याचप्रमाणे ‘अजून पोहोचले नसतील’ याला ‘वोन्ट हॅव रीच्ड’ चालते. वर्गात मात्र अशा अंदाजासाठी ‘मस्ट हॅव’ एवढेच शिकवले जाते आणि ‘विल हॅव’ म्हणजे भविष्य, अशी विभागणी होते. वर उल्लेखिलेल्या वादात ‘विल’ हे वृत्तिदर्शक मानणाऱ्यांची बाजू येथे बळकट होते, कारण दोन परस्परांपासून दूरच्या भाषांत एकच रूप तर्क आणि पूर्णता असे दोन्ही अर्थ वाहते. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा योगायोग लाभाचा आहे : घरात रोज बोलल्या जाणाऱ्या ‘असेल’पासून आरंभ करून भविष्यातील ‘लेला असेल’कडे जाणे हा क्रम, तक्त्यातल्या अकराव्या, म्हणजे पूर्ण भविष्याच्या, खान्यापासून आरंभ करण्यापेक्षा, त्याच्या भाषेला जवळचा आहे.

सर्वाधिक चुका क्रियारूपात नसून ‘पर्यंत’ या शब्दात होतात. ‘मी सोमवारपर्यंत काम संपवीन’ आणि ‘मी सोमवारपर्यंत काम करीन’ या दोहोंत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो, पण इंग्रजीत पहिल्याला ‘बाय मंडे’ आणि दुसऱ्याला ‘टिल मंडे’ लागते. पूर्ण भविष्यकाळाचा जोड ‘बाय’शी आहे. मराठीतच ‘पर्यंत’ऐवजी ‘च्या आत’ घालून पाहण्याची कसोटी येथे उपयोगी पडते : ‘सोमवारच्या आत संपलेले असेल’ जमते, ‘सोमवारच्या आत करीत राहीन’ जमत नाही, जेथे जमते तेथे ‘बाय’. दुसरी चूक उपवाक्यातील ‘विल’ची आहे. ‘तू येशील तेव्हा’ यात मराठी भविष्यकाळ वापरते, म्हणून ‘व्हेन यू विल कम’ असे लिहिले जाते. ‘तू येईपर्यंत’, बोलीतले ‘येईस्तोवर’, किंवा ‘तू येण्याआधी’ अशी काळ नसलेली मराठी रचना घेऊन भाषांतर केल्यास ‘बाय द टाइम यू कम’ हे साधे वर्तमान रूप स्वीकारणे सोपे जाते. ‘ही विल हॅज’ आणि ‘विल हॅड’ या चुका तिसऱ्या रूपाच्या पाठांतराबरोबर हळूहळू जातात.

सरावाची वाक्ये परिसरातील कामांच्या क्रमावरून घेतली तर संदर्भाचा क्षण वेगळा समजावावा लागत नाही. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होण्यापूर्वी शेतकऱ्याने ती काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून घेतलेली असते. ‘बिफोर द ऑक्शन, द फार्मर विल हॅव बॉइल्ड अँड ड्राइड द टर्मरिक’ या वाक्यात कोणते आधी आणि कोणते नंतर याबद्दल त्या भागातील विद्यार्थ्याला शंका येत नाही. ऑक्टोबर सरता सरता कासच्या पठारावरील फुले ओसरलेली असतील, उन्हाळा लागेपर्यंत साखर कारखान्याचे गाळप आटोपलेले असेल, ही वाक्येही तशीच. अशा वाक्यांचे नैसर्गिक मराठी पुष्कळदा ‘-ून होणे’ या रचनेत येते : ‘माझे वाचून झालेले असेल’, ‘पूल बांधून झालेला असेल’. यातील दुसरे वाक्य इंग्रजीच्या कर्मणी रूपाला, म्हणजे ‘विल हॅव बीन बिल्ट’ला, नेमके जुळते.

या भागातील इंग्रजी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. भीमराव आंबेडकर यांनी 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात प्रवेश घेतला तो ‘इंग्रजी पहिली’ या वर्गात. मराठी प्राथमिक इयत्तांनंतर इंग्रजी इयत्तांची मोजणी पुन्हा एकपासून होत असे. भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था 1924 मध्ये साताऱ्यास आली आणि तिच्या शाळांमुळे खेड्यांतील मुलांपर्यंत इंग्रजी पोहोचले. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही 1919 मधलेच. राज्यात जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तत्पूर्वी मराठी शाळांत ते पाचवीपासून होते. आज या काळाचा सराव दहावीच्या वर्गांबरोबर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतही होतो.

चालू-पूर्ण भविष्यकाळ, म्हणजे ‘विल हॅव बीन टीचिंग’ यासारखी रचना, सरावात शेवटी घेतली जाते व तिचे ‘ती शिकवत आलेली असेल’ असे भाषांतर करण्याचा प्रघात आहे. मराठी बोलणारा मात्र असे वाक्य क्वचितच उच्चारतो. ‘येत्या जूनला तिला शिकवायला लागून दहा वर्षे होतील’ असे तो म्हणतो, आणि त्यात काळ साधा भविष्य असतो.