पीएसपीवर व्हिडिओ चालत नाही? कंटेनर आणि कोडेक यांतला फरक आधी बघा

जुनं पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमिंग मशीन, घेतलेल्या बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. फाइल एमपीफोर आहे, पीएसपीला एमपीफोर चालतं असं सगळेच सांगतात, फाइल मेमरी स्टिकवर (पीएसपीच्या मेमरी कार्डावर) टाकूनही झाली, आणि स्क्रीनवर मात्र 'अनसपोर्टेड डेटा'. मग कार्डावर संशय, केबलवर संशय, शेवटी मशीनच गेलं असं ठरतं. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. कंटेनर आणि कोडेक या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच धरून चालतो, तिथे सगळं बिनसतं.

एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही हे कंटेनर. चित्र, आवाज, सबटायटल आणि त्यांचा एकमेकांशी ताळमेळ एका फाइलमध्ये बांधून ठेवणं, एवढंच त्यांचं काम. एव्हीआय मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलं, एमकेव्ही म्हणजे मात्रोस्का २००२ पासूनचं. कोडेक म्हणजे आतलं चित्र ज्या पद्धतीने दाबून लहान केलंय ती पद्धत: एच.२६४ २००३ मधली, तिच्यानंतरची एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी २०१३ मधली. त्याआधीच्या एमपेग-१ आणि एमपेग-२ या सीडी-डीव्हीडीच्या काळातल्या. फाइलच्या नावाचं शेपूट फार तर कंटेनर सांगतं. आत कोणतं कोडेक आहे ते नावावरून कळत नाही.

आपल्या नाशकात हे द्राक्षांवरून चटकन समजेल. एका क्रेटमधली द्राक्षं दुसऱ्या क्रेटमध्ये भरली तर माल तोच राहतो, काम दोन मिनिटांचं. त्याच द्राक्षांचे बेदाणे केले तर वजन उतरतं, जागा कमी लागते, पण वेळ जातो आणि बेदाण्याचं पुन्हा द्राक्ष होत नाही. कंटेनर बदलणं हे पहिलं काम, त्याला रीमक्स म्हणतात. कोडेक बदलणं हे दुसरं, म्हणजे पुन्हा एन्कोड करणं. दुकानात किंवा मित्राकडून 'कन्व्हर्ट करून देतो' असं ऐकू येतं तेव्हा या दोन्हींतलं नेमकं काय होणार आहे हे कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा डोळे झाकून पुन्हा एन्कोडच केलं जातं, मग रीमक्सने भागणार असलं तरी. चांगल्या चित्राची अशी विनाकारण माती झालेली बघवत नाही, म्हणून हे एवढं तपशिलात लिहितोय.

पीएसपी इतकं हट्टी का, हेही बघण्यासारखं आहे. ते जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आलं. त्याच्या प्रोसेसरचा कमाल वेग ३३३ मेगाहर्ट्झ, पहिल्या मॉडेलमध्ये रॅम ३२ एमबी. एवढ्या ताकदीवर व्हिडिओ सुरळीत चालतो तो चिपमध्येच त्यासाठी वेगळी सोय आहे म्हणून. ती सोय ठरावीक पद्धतीच उलगडते. नवी पद्धत शिकवायची म्हटलं तरी तिथे जागा नाही. मशीनच्या शेवटच्या काळातल्या फर्मवेअरवर (मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर) सोनीची यादी अशी: एमपीफोरमध्ये एमपेग-४ सिंपल प्रोफाइल किंवा एच.२६४ चं बेसलाइन वा मेन प्रोफाइल (प्रोफाइल म्हणजे त्याच कोडेकची साधी किंवा अवघड पातळी), आवाज एएसी कोडेकचा. एव्हीआयमध्ये फक्त मोशन जेपेग. आकार ४८० बाय २७२, ३५२ बाय ४८० किंवा ७२० बाय ४८०. एमकेव्हीचं यादीत नावच नाही.

यातली एव्हीआयची ओळ सगळ्यात बोलकी आहे. २००५ च्या आसपासच्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांत व्हिडिओ मोशन जेपेगमध्ये साठायचा. गंगापूर धरणावर तेव्हा काढलेली तशी एव्हीआय क्लिप पीएसपीवर सरळ चालू शकते. त्याच काळात डाउनलोड केलेला, डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड कोडेकचा सिनेमाही एव्हीआयच असतो, पण तो चालत नाही. कंटेनर एकच, कोडेक वेगळं, म्हणून निकालही वेगळा. आणि डिव्हएक्सच्या फाइलचं नाव बदलून शेवटी एमपीफोर लिहिलं, तर आतला एक बिटसुद्धा हलत नाही.

आता आजच्या फोनचं बघू. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, पोरं धप्पा (उडी) मारतात त्याचा व्हिडिओ नव्या फोनवर काढलाय आणि तो पीएसपीवर हवाय असं समजा. फाइल कॉम्प्युटरवर घेऊन व्हीएलसीमध्ये उघडा आणि टूल्स मेनूतून कोडेक इन्फर्मेशन बघा, किंवा मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर वापरा. तिथे कंटेनर बहुधा एमपीफोर दिसेल. त्याच्या खाली व्हिडिओच्या ओळीत एचईव्हीसी, आकार १०८० बाय १९२०, सेकंदाला ६० फ्रेम असं काही दिसलं, तर पीएसपीच्या दृष्टीने तीन अडचणी आहेत आणि त्यातली एकही कंटेनरची नाही. फोनच्या सेटिंगमध्ये एच.२६४ निवडून शूट केलं तरी प्रोफाइल बहुतेक वेळा 'हाय' असतं, आणि पीएसपीची धाव 'मेन'पर्यंतच. म्हणजे फोनच्या व्हिडिओला पीएसपीसाठी एन्कोड करण्यावाचून गत्यंतर नाही.

रीमक्सची खरी किंमत कळते ती पुढच्या मशीनवर. पीएसपीनंतरचं सोनीचं पीएस व्हिटा २०११ च्या डिसेंबरात आलं आणि त्याला एच.२६४ चं हाय प्रोफाइलही चालतं, फक्त फाइल एमपीफोर हवी. तुमच्याकडे ७२०पीची एमकेव्ही फाइल आहे आणि मीडियाइन्फो आत एच.२६४ व एएसी दाखवतंय, तर चित्राला हात लावायचं कारणच नाही. एव्हिडेमक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हींना 'कॉपी' ठेवा, आउटपुटला एमपीफोर मक्सर निवडा, सेव्ह करा. दोन तासांचा सिनेमा फाइल कॉपी व्हायला लागतो साधारण तेवढ्याच वेळात होतो आणि चित्र जसंच्या तसं राहतं. आवाज एसी-३ निघाला तर फक्त ऑडिओ एएसी करा, व्हिडिओ तरीही कॉपीच. हँडब्रेक हे लोकप्रिय सॉफ्टवेअर इथे उपयोगाचं नाही, कारण ते व्हिडिओ कॉपी करतच नाही, दरवेळी नव्याने एन्कोड करतं.

पीएसपीसाठी मात्र हँडब्रेक उत्तम. कंटेनर एमपीफोर, एन्कोडर एच.२६४, प्रोफाइल मेन, लेव्हल ३.०, फ्रेम सेकंदाला ३० पर्यंत, ऑडिओ एएसी. आकार नेमका ४८० बाय २७२ ठेवा. इथे एक बारकी खोच आहे. १९२० बाय १०८० ला प्रमाणात लहान केलं की ४८० बाय २७० येतं आणि सॉफ्टवेअर तेच सुचवतं. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन पाडतं. २७२ ला १६ ने पूर्ण भाग जातो, २७० ला जात नाही, आणि पीएसपीच्या यादीतही २७२ च आहे. दोन ओळींचा ताण डोळ्याला दिसत नाही. रहाडीचा तो उभा व्हिडिओ असेल तर चित्र २७२ उंचीवर जेमतेम १५३ रुंद होतं, बाकीची जागा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या लावून भरावी लागते. तसं न करता ताणलं तर उडी मारणारी पोरं आडवी पसरलेली दिसतील. म्हणून पीएसपीवर बघायचं ठरलेलं असेल तर शूट करतानाच फोन आडवा धरा.

बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्च करायचा त्याचा, लोभ नको. ४.३ इंची स्क्रीनला व्हिडिओ ७०० केबीपीएस आणि आवाज १२८ केबीपीएस पुष्कळ झाला. मिनिटाला साधारण ६ एमबी, दीड तासाला ५६० एमबीच्या आसपास, म्हणजे ४ जीबीच्या कार्डात असे सहा-सात सिनेमे बसतात. तयार फाइल मेमरी स्टिकवर इंग्रजी मोठ्या अक्षरांतल्या 'व्हिडिओ' नावाच्या फोल्डरमध्ये टाका. फोल्डर नसेल तर स्वतः बनवा. फार जुनं फर्मवेअर असलं तर फोल्डरचे आणि नावांचे नियम वेगळे आणि किचकट आहेत, आधी अपडेट करणं सोपं.

स्टीम डेकसारख्या लिनक्सवर चालणाऱ्या नव्या गेमिंग मशीनवर हा सगळा खटाटोप लागत नाही. डेस्कटॉप मोडमध्ये व्हीएलसी टाकलं की काम झालं.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. नाशकातल्या कितीतरी घरांत २००० च्या आगेमागे झालेल्या लग्नांच्या व्हिडिओ सीडी कपाटात पडून आहेत, आणि लहान मुलांना आजी-आजोबा दाखवायचे म्हणून त्या पीएसपीवर किंवा फोनवर घ्याव्याशा वाटतात. त्यातली फाइल डीएटी नावाने दिसते. आत एमपेग-१ चित्र असतं, ३५२ बाय २८८, तेव्हा रीमक्सने काम होणार नाही, एन्कोडच करावं लागेल. पण त्याआधी ती डीएटी फाइल आहे तशी कॉम्प्युटरवर आणि एखाद्या वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. चकतीवर ओरखडे वाढत जातात, आणि एका चकतीवर साधारण तासाभराचा व्हिडिओ असतो, त्यामुळे एका लग्नाच्या दोन-तीन चकत्या असणार, सगळ्या शोधा. कन्व्हर्ट करायला दिलंत तरी दुकानदाराकडून नवी एमपीफोर आणि मूळ डीएटी, दोन्ही परत मागून घ्या.