दोर तोच, हेल्मेट तेच, कोर्स मात्र वेगळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या फोंड्याच्या घरी कोण ना कोण मोबाईल पुढे करून येतंच, मामा हा कोर्स बघ ना कसा आहे. यंदा धाकट्या बहिणीचा मुलगा आला. फोटोत एक पोरगी हेल्मेट घालून कातळाला लटकलेली, खाली लिहिलेलं ॲडव्हेंचर अँड वेलनेस, सहा महिने, नोकरीची हमी. दुसऱ्या टॅबवर अमेरिकेतल्या कॉलेजचं पान, तिथेही तशीच पोरगी, तसाच कातळ, पण ही चार वर्षांची डिग्री आणि नाव ॲडव्हेंचर एज्युकेशन. त्याचं म्हणणं, दोन्ही एकच आहे की मामा, एक स्वस्त आणि एक महाग.

नाही रे बाबा. एक ॲडव्हेंचर टुरिझम आहे, दुसरं ॲडव्हेंचर एज्युकेशन. सामान सगळं सारखं, दोर, हार्नेस, कॅराबिनर, लाइफ जॅकेट, त्यामुळे फोटोवरून फरक कळणं कठीण, आणि आपल्या गोव्यात तर हेल्मेट घातलेला माणूस दिसला की तो टुरिझमवालाच असणार असं आपण धरूनच चालतो.

कळंगुटला पॅरासेलिंग कधी नीट बघितलंय का, म्हणजे वर उडणाऱ्याकडे नाही, बोटीवरच्या पोराकडे. पाव्हणा येतो, पोरगा त्याच्या पायांतून पट्टे ओढतो, दोन बकल लावतो, एकदा खेचून बघतो, चष्मा काढा सर, हात इथे, पाय सैल सोडा, झालं. पाव्हणा वर जातो, चार मिनिटं किंचाळतो, खाली येताना पाय जरा पाण्यात बुडवतात, व्हिडिओ होतो, पुढचा कोण. या सगळ्यात पाव्हण्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, वारा किती, दोर किती सोडायचा, आज उडायचं की नाही, सगळं त्या पोराच्या आणि बोटवाल्याच्या डोक्यात, आणि हेच त्या धंद्याचं कसब आहे. मी हे कमीपणाने सांगत नाही. दिवसाला पन्नास अनोळखी माणसं, त्यातली निम्मी पोहता न येणारी आणि काही दुपारीच दोन बिअर मारून आलेली, त्यांना धड परत आणून हसतमुखाने सोडणं सोपं काम नव्हे. पण पाव्हणा गेला तेव्हा जेवढा शहाणा होता तेवढाच शहाणा परत येतो, त्याने पैसे त्या चार मिनिटांचे दिलेले असतात.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यात एका कॉलेजच्या कॅम्पला मी स्वयंसेवक म्हणून होतो, स्वयंसेवक म्हणजे चहा करणे आणि दोर गुंडाळणे. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला, तीसेक फुटांचा कातळ होता, फार मोठा नाही. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी काठावर गेली, पाठ दरीकडे केली आणि तिथेच थिजली. मागून पोरांचं सुरू झालं, कर गो कर, काय होत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी आधी त्या पोरांना गप्प केलं आणि मग तिच्या शेजारी जाऊन बसल्या, पंधरा-वीस मिनिटं. कशाची भीती वाटते, दोराची की उंचीची की सगळे बघतायत त्याची, असलं काय काय विचारत होत्या. शेवटी ती मुलगी उतरली नाही. पायवाटेने खाली आली. मला वाटलं हे फुकट गेलं. संध्याकाळी सगळे गोल करून बसले, त्यात ती म्हणाली की ती गाठ कोणी बांधलीय तेच मला माहीत नव्हतं, मग मी कशावर भार टाकू. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला अँकर, म्हणजे दोर वर जिथे पक्का बांधतात ते, तपासायला ठेवलं, प्रत्येकाची फिगर ऑफ एटची गाठ हाताने चाचपून ती पुढे सोडत होती, आणि ज्या पोराने काल सगळ्यात जास्त आरडाओरडा केलेला त्याचा हार्नेस तिने परत बांधायला लावला, कारण बकल उलटं होतं.

टुरिझमच्या हिशेबाने ती मुलगी म्हणजे रिफंड, आणि एज्युकेशनच्या हिशेबाने अख्ख्या कॅम्पमध्ये सगळ्यात जास्त शिकलेली बहुतेक तीच. तिला जबरदस्ती केली नाही त्याला या क्षेत्रात चॅलेंज बाय चॉइस म्हणतात, किती पुढे जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९७१ साली प्रोजेक्ट ॲडव्हेंचर सुरू झालं, डोंगरातल्या या गोष्टी साध्या शाळेच्या पीटीच्या तासात आणायच्या म्हणून, त्यांच्याकडून हा शब्द रुळला. आणि संध्याकाळचं ते गोल करून बसणं म्हणजे डिब्रीफ, तो टाइमपास नाही, खरा तास तोच. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं ते साधं आहे, करा, मागे वळून बघा, त्यातून काय कळलं ते काढा, पुढच्या वेळी वापरून बघा. पॅरासेलिंगमध्ये यातलं पहिलंच असतं.

हे सगळं सुरू कुठून झालं तेही सांगतो, कारण आपल्या तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, गोव्याला ते पटेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवली जात होती, आणि लॉरेन्स होल्ट नावाच्या जहाज कंपनीवाल्याचं म्हणणं होतं की लाइफबोटीत तरणीताठी पोरं आधी हाय खातात आणि म्हातारे खलाशी टिकून राहतात. म्हणजे ताकद कमी नव्हती, आपण निभावू हा भरवसा कमी होता. कुर्ट हान हा जर्मनीतून आलेला शिक्षक, या दोघांनी मिळून १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोव्हीला शाळा काढली, आउटवर्ड बाउंड. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला हा शब्द. महिनाभराचा कोर्स, बोटी, डोंगर, पळणं, पण हेतू बोट चालवायला शिकवणं एवढाच नव्हता. पुढे १९६५ मध्ये पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने अमेरिकेत वायोमिंगला नोल्स ही लीडर घडवणारी शाळा काढली, त्याची ओरड वेगळी होती, की डोंगरात माणसांना नेणारे पुष्कळ झालेत पण नीट तयार झालेले लीडर नाहीत. म्हणजे एज्युकेशनवाल्यांच्या डोक्यात पहिल्यापासून पुढचा माणूस तयार करणं आहे.

आता वेलनेस. हा शब्द तर गोव्यात इतका स्वस्त झालाय की हरमलला नारळपाण्यालाही लावतील. इथेही तीच जोडी आहे. एक वेलनेस म्हणजे स्पा, मसाज, रिट्रीट, डिटॉक्सचा रस, म्हणजे हॉस्पिटॅलिटी, पाव्हण्याला बरं वाटलं पाहिजे. दुसरं वेलनेस हा कॉलेजचा विषय. हॅल्बर्ट डन या अमेरिकन डॉक्टरने १९६१ च्या आसपास मांडलं की आजारी नसणं वेगळं आणि नीट जगणं वेगळं. मग १९७६ मध्ये बिल हेटलर या तिथल्याच डॉक्टरने त्याचे सहा भाग केले, शरीर, भावना, बुद्धी, माणसं, अध्यात्म आणि कामधंदा. कामधंदा त्यात आहे हे बघा, कारण नोकरीत रोज जीव खाल्ला जात असेल तर सकाळच्या सूर्यनमस्काराने किती भरून निघणार. या शिक्षणात व्यायामाचं शरीरशास्त्र येतं, आहार, झोप, ताण, व्यसन, आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणूस सवय बदलतो कशी आणि का बदलत नाही.

हे दोन विषय एकत्र का शिकवतात असं भाच्याने विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. दोन्ही शिक्षणांचा मामला एकच, माणूस स्वतःला ओळखून निर्णय कसा घेतो. काठावर थिजलेल्या मुलीच्या छातीत जे धडधडत होतं तेच परीक्षेच्या आदल्या रात्री धडधडतं, फक्त कातळावर ते सगळ्यांना दिसतं. अमेरिकेत काही कॉलेजांत ॲडव्हेंचर एज्युकेशनची स्वतंत्र डिग्रीच आहे.

आपल्या चुकीच्या समजुतींपैकी एक म्हणजे धोका. वाटतो तो धोका आणि असतो तो धोका या वेगळ्या गोष्टी. नीट बांधलेल्या दोरावर तीस फूट उतरताना पोटात गोळा येतो, पण खरा धोका थोडा. उलट जुलैमध्ये नेत्रावळीच्या बाजूला धबधब्याखालच्या कोंडीत, म्हणजे डोहात, गुडघाभर पाणी, काय होणार म्हणून पोरं उतरतात. वर डोंगरात तासाभरापूर्वी पडलेला पाऊस अजून खाली यायचा असतो, जांभ्यावर शेवाळ असतं, पाणी गढूळ झालं की पाच मिनिटांत कोंडीचा ओढा होतो. समुद्राचंही तसंच, लाटा फुटत नाहीत ती जागा शांत दिसते म्हणून लोक तिथेच शिरतात आणि पाणी मागे खेचणारा पट्टा नेमका तोच असतो. टुरिझमवाला गाइड तुम्हाला सांगेल की इथे जाऊ नका, आणि ते बरोबरच. एज्युकेशनवाला तुम्हाला अर्धा तास काठावर उभं करून पाणी बघायला लावेल, जोवर तुम्ही स्वतः बोट दाखवून सांगत नाही की इथे नको. आमचे आजोबा चवथीला गणपतीवर रानफळं टांगतात त्या माटोळीला कांगलां आणायला रानात न्यायचे तेव्हा हेच करायचे, हे तोड म्हणायचे नाहीत, यातलं खायचं कुठलं आणि हात लावायचा नाही कुठलं, सांग म्हणायचे. चुकलो तर टपली. डिब्रीफच म्हणा.

आता डिग्रीचं गणित, कारण पोरं शेवटी तिथेच येतात. हरमल-मांद्रेकडे २०० तासांच्या योगा टीचर ट्रेनिंगचे बोर्ड आहेत, महिनाभरात सर्टिफिकेट. वाईट नाही, पण २०० तास म्हणजे काय ते तोलून बघा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या डिग्रीला १२० क्रेडिट लागतात, एक क्रेडिट म्हणजे लेक्चरचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३०, म्हणजे कमीत कमी १८०० तास झाले. एका महिन्यात आसनं शिकवता येतील, समोरच्याची पाठदुखी ही थांबायची खूण कधी आहे ते कळायला जास्त वेळ लागतो. आयुषचं योगा सर्टिफिकेशन बोर्ड आहे, त्यात व्हॉलंटियरपासून मास्टरपर्यंत पायऱ्या आहेत, निदान आपण कुठल्या पायरीवर आहोत ते तरी कळतं.

आपल्याकडे ॲडव्हेंचर एज्युकेशन या नावाची सरळ डिग्री शोधत बसण्यापेक्षा तुकडे जोडणं बरं असं माझं मत. मानसशास्त्र, फिजिकल एज्युकेशन किंवा समाजकार्य यातली एक साधी डिग्री, कॉलेजमध्येच व्हॅल्यू ॲडेड कोर्समध्ये हेल्थ अँड वेलनेस मिळाला तर तो, आणि सुट्टीत डोंगर. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची, तिथला बेसिक कोर्स २८ दिवसांचा, त्यात ए ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्सला जाता येतं. आणि गंमत म्हणजे त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन असा वेगळा कोर्स आहे. म्हणजे चढता येणं वेगळं आणि चढायला शिकवता येणं वेगळं, हे त्या लोकांनी कधीच मान्य केलेलं आहे. पाणी आवडत असेल तर घराजवळच, करंझाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, १९९० पासूनची, लाइफ सेव्हिंग आणि पॉवरबोट हँडलिंगसाठी. वर रानातलं प्रथमोपचार, म्हणजे दवाखाना तासांवर दूर असताना काय करायचं ते, साधा कोर्स १६ तासांचा आणि मोठा ऐंशीच्या आसपास.

टुरिझमच घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या, बीबीए करा, तिकीट, पॅकेजचं कॉस्टिंग, मार्केटिंग, पाहुण्यांशी बोलणं हे नीट शिकवणारी माणसं आहेत, आणि गोव्यात पोट त्यावर चालतं. शिकवणाऱ्याचा पगार सुरुवातीला कमीच असतो, शाळांचे कॅम्प डिसेंबर-जानेवारीत, पावसात समुद्रावरची कामं बंद, उरलेले महिने कुठे तरी काढावे लागतात. हे मी त्याला लपवलं नाही. लपवलेलं बाधतं ते मला माहीत आहे, माझ्या मोठ्या पुतणीने असाच एक सहा महिन्यांचा कोर्स केलेला, नाव नको, फी ४५ हजार, माहितीपत्रकात डोंगर आणि ध्यान, आणि प्रत्यक्षात चार महिने रिसेप्शन आणि स्पाचं मेन्यूकार्ड पाठ करणं. दोर तिने एकदाच हातात धरला, फोटोसाठी. रिसेप्शनचं काम वाईट नाही हो, पण मग तसं सांगा.

भाच्याला मी म्हटलं, फोन कर आणि तीनच गोष्टी विचार. अँकर विद्यार्थी बांधतात की सर बांधतात. कोणी नको म्हटलं तर त्याचं काय करता. आणि संध्याकाळी जेवणाआधी टाइमटेबलमध्ये काय आहे. त्याने माझ्यासमोरच स्पीकरवर लावला. पलीकडची बाई गोड बोलली, पहिल्याला म्हणाली सेफ्टीची काळजी करू नका, सगळं आमचा स्टाफ करतो, दुसऱ्याला म्हणाली असं कोणी म्हणत नाही, आणि तिसऱ्याला जरा थांबून म्हणाली, डीजे.